झाडांना ‘अहो’ म्हणणारा माणूस

आमचे भिवंडीचे घरमालक झाडांना ‘अहो’ म्हणायचे. भाडेकरूंना अरे-तुरे, गिऱ्हाइकांना ‘ए, मान सरळ’, सख्ख्या मेव्हण्याला तर नुसतं ‘काय आहे?’ आणि वाडा रोडच्या कडेला उभ्या असलेल्या एका चिंचेला मात्र, ‘अहो, जरा वारा पडू द्या, मग बघू.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चक्क मागे वळून बघितलं, की बाबा एवढं मानाचं कोण आलंय. मागे कुणी नव्हतं. एक म्हैस होती. तिला ते ‘अगं’ म्हणाले.

सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, लूमवर काम करणारे भय्ये चाचा म्हणायचे. कल्याण रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं दोन मजली घर. खाली त्यांचा फोटो स्टुडिओ, मधल्या मजल्यावर ते आणि काकू, आणि वर पत्र्याखाली मी. बुटकी मूर्ती, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेनाऐवजी भिंग. बोलणं इतकं कमी, की भाड्याची खोली दाखवताना त्यांनी मला फक्त दोन वाक्यं सांगितली होती. ‘नळ सकाळी सहाला. रविवारी दुपारी बाथरूम मागायचं नाही.’

मी तेव्हा चोवीस-पंचवीसचा असेन. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं ती. एका पॉवरलूम कारखान्यात मी कापड तपासायला होतो. तिरक्या काचेच्या टेबलावरून कापड ओढायचं, काचेखालून ट्यूबलाइटचा उजेड, आणि तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ पट्टी दिसली की खडूनं खूण करायची. दिवसभर दुसऱ्याची खोट शोधायची, एवढाच माझा धंदा. भिंतीपलीकडे लूम चालू. ड्युटी संपली तरी कानात ते चालूच. जेवताना खटाखट, झोपताना खटाखट. गावाहून आईचा फोन आला की मी ओरडून बोलायचो. ‘अरे, भांडतोयस कशाला?’ म्हणायची बिचारी.

काकांच्या स्टुडिओत काम म्हणजे पासपोर्ट फोटो, रेशनकार्डाचे फोटो, आणि लूमवाल्यांचे गावी पाठवायचे फोटो. ह्या लोकांना मागे पडदा लागतो. बहुतेक स्टुडिओत ताजमहाल, नाहीतर बर्फाचे डोंगर आणि त्यांच्यापुढे एक हिरवं झाड. काकांनी पेंटरला विचारलं होतं, ‘हे कुठलं झाड?’ पेंटर म्हणाला, ‘झाड म्हणजे झाड, काका.’ झालं! काकांनी त्याला स्कूटरवर घालून अंबाडी गावाच्या पुढे नेलं, एका मोहाच्या झाडाखाली बसवलं आणि म्हणाले, ‘आता काढ.’ तीन रविवार गेले. पेंटर वैतागला, पण पडद्यावर मोह उतरला, सालीच्या भेगांसकट.

गिऱ्हाइकं आधी कुरकुरली. ताजमहाल नाही म्हणजे काय! मग एकदा माझ्यादेखत आझमगढकडचा एक लूमवाला आला, कंगवा फिरवत स्टुलावर बसला, सहज मागे बघितलं आणि उठून उभाच राहिला. ‘चाचा, ये तो महुआ है।’ काका म्हणाले, ‘तो क्या?’ लूमवाला म्हणाला, ‘हमारे दुआर पे है ना।’ त्यानं फोटो बसून काढलाच नाही. पडद्यावरच्या खोडावर हात टेकून उभा राहिला. हात टेकल्यावर पडदा हलतो, फोटो हलतो, काका एरवी असल्या गोष्टीवर खेकसायचे. त्या दिवशी त्यांनी गुपचूप पडदा खाली खिळे मारून ताणून घेतला आणि मग बटण दाबलं.

पण त्यांचा खरा फोटो रविवारचा. आठवड्यात शर्टाची बटणं लावून बसलेल्या माणसांची तोंडं टिपायची आणि रविवारी झाडं. त्याला कुणी ‘काका सीनरी काढतात’ म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. ‘सीनरी असते कॅलेंडरवर. मी माणसाचा फोटो काढतो तेव्हा तू म्हणतोस का, की काका नाकं काढतात?’

त्यांनी मला पहिल्यांदा बरोबर नेलं ते माझ्यावर माया आली म्हणून नव्हे. एका शनिवारी मी वरच्या मजल्यावरून फोनवर आईशी बोलत होतो, म्हणजे गल्लीला ऐकवत होतो. काका जिना चढून वर आले. माझ्याकडे बघत उभे राहिले. म्हणाले, ‘उद्या सहाला खाली ये. चहा पिऊन ये, तिथं मिळायचा नाही.’

त्यांच्या स्कूटरला सायकली मागे टाकायच्या. अंबाडीच्या अलीकडे आत वळून एका ओहोळाच्या काठी आम्ही थांबलो. समोर बेहडा होता. मला तेव्हा बेहडा काय आणि बाभूळ काय, सगळं सारखंच. काकांनी दहा-बारा पावलं अलीकडे चपला काढल्या. मीही काढल्या. म्हटलं, देऊळ असेल. देऊळ नव्हतं. ते झाडासमोर जाऊन मांडी घालून बसले आणि कॅमेऱ्याची पिशवी शेजारी ठेवून दिली. उघडलीसुद्धा नाही.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला राहवेना. म्हटलं, ‘काका, ह्याची एक फांदी वाळलीय. आणि खाली साल फुटलीय बघा.’

‘खडू आणलायस का?’

‘नाही.’

‘बरं केलंस. गप बस.’

गप बसलो. काय करतो! मग हळूहळू मला दिसायला लागलं. फुटलेल्या सालीतून मुंग्यांची रांग वर चालली होती, आणि ती रांग संपतच नव्हती. मान वर करत करत शेवटी मी पाठीवर आडवा झालो, तरी वरचं टोक सापडेना. कुठंतरी तांबट पक्षी टुक टुक करत होता. पानांतून आलेला उजेड खोडावरून इंच इंच खाली सरकत होता, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा उजेड सरकताना दिसला. आयला, एवढं मोठं काहीतरी इतके दिवस इथं उभं आहे, आणि त्याला कुणाकडून काही नको आहे! आणि मग एकदम लक्षात आलं, की कानातली लूम बंद पडली आहेत. केव्हा बंद पडली कळलंच नाही. मला रडू आलं. पंचविशीचा घोडा मी, ओहोळाच्या काठी उताणा पडून रडत होतो. काकांनी बघितलं असणार, पण त्यांनी मान वळवली नाही.

तासाभरानं त्यांनी कॅमेरा काढला. डब्यासारखा जुना कॅमेरा तो, छातीशी धरून वरून आत बघायचा. त्यामुळे फोटो काढताना मान खाली जायचीच. फिल्मच्या रोळात फोटो बाराच बसायचे. काकांनी मान खाली घातली, आणि मी पुन्हा ऐकलं, ‘अहो, हलू नका.’ एकदाच ‘चुट’ असा आवाज झाला. एका झाडाचा एकच फोटो, हा त्यांचा नेम. बिघडला तर? मी विचारलं होतं. ‘मग पुन्हा यायचं, पुन्हा तासभर बसायचं. नुकसान काय आहे?’ पिशवी बंद करून ते उठले, बाटलीतलं उरलेलं पाणी बुंध्याशी ओतलं आणि म्हणाले, ‘येतो.’

रविवारी दुपारी बाथरूम का मागायचं नाही, तेही त्या दिवशी कळलं. खिडकीला काळं कापड, बादलीवर फळी, फळीवर तीन ट्रे आणि लाल बल्ब. काकू बाहेरून ओरडायच्या, ‘अहो, मी आज अंघोळ करायची का झाडं उगवायची वाट बघायची?’ आतून उत्तर यायचं, ‘पाच मिनिटं.’ ती पाच मिनिटं संध्याकाळपर्यंत चालायची. कोरा कागद काकांनी ट्रेमध्ये बुडवला, हलक्या हातानं हलवत राहिले, आणि त्या पाण्यात आधी खोडाची एक बाजू आली, मग फांद्या, मग सगळा बेहडा सकाळचा उजेड घेऊन वर आला. मी कितीदा तरी ते पुढं बघितलं. दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. काकांच्याही यायचा, मी त्यांच्या हाताकडे बघितलंय.

जिन्याच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत हे फोटो होते. एकाच मापाचे, काळ्या पट्टीच्या फ्रेममध्ये. त्यांच्यासमोरून मी रोज चढ-उतार करायचो. एका रविवारी उत्साहानं मीच म्हटलं, ‘काका, आज ह्या ताडाकडे जाऊ या.’

‘ते नाहीत आता.’

‘मग ही चिंच?’

‘त्या मानकोलीच्या. तिथं ट्रक उभे राहतात.’

‘बरं, हा आंबा?’

काका स्कूटरची चावी शोधत होते. म्हणाले, ‘तू विचारूच नकोस. त्यातलं एकही नाही.’

मी जिन्यातच बसलो. एवढी सगळी? मग त्यांनी जे सांगितलं ते असं. जमिनीचं खरेदीखत करायचं तर विकणाऱ्याचा फोटो लागतो. नोंदणीची कचेरी आमच्या गल्लीपासून जवळ. त्यामुळे मानकोलीपासून अंबाडीपर्यंत कुणाचीही जमीन गोदामाला निघाली की तो माणूस धुतलेला शर्ट घालून काकांच्या स्टुलावर येऊन बसायचा. काका त्याची हनुवटी दोन बोटांनी वर करायचे आणि विचारायचे, ‘बांधावर काय आहे?’ लोकांना वाटायचं, काका दलालीत उतरले. कुणी सांगायचा, जांभूळ हाय. कुणी सांगायचा, दोन आंबं हायत जुनं. काका मान हलवायचे, आणि येत्या रविवारी स्कूटर तिकडं.

‘मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?’ मी चिडलो. मला राग लवकर येतो, तेव्हा तर फारच लवकर यायचा. ‘नुसते फोटो काय काढता? सांगा ना, तोडू नका म्हणून!’

‘मी कोण सांगणार? त्यांच्या घरी लग्नं आहेत, दुखणी आहेत. मी स्वतः सिमेंटच्या घरात राहतो. मला फोटो काढता येतो, तो काढतो. ज्याचं झाड त्याला एक कॉपी पाकिटात घालून देतो.’

‘मग ते काय करतात त्या कॉपीचं?’

‘कपाटाखाली टाकत असतील,’ काका म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

त्यानंतर मी संध्याकाळी स्टुडिओत जाऊन बसायला लागलो. वेळ जायचा आणि काकांनाही हात मिळायचा. माझ्याकडे आलं फ्रेमचं काम. मोठी फ्रेम म्हणजे गेलेलं माणूस, दुसरं काही नाही. घरात कुणी वारलं की लोक बोटभर फोटो घेऊन यायचे, काका तो मोठा करायचे, मी काच पुसायचो, मागे पुठ्ठा ठोकायचो, आणि चंदनाच्या सालींचा हार फ्रेमला अडकवून वर्तमानपत्रात गुंडाळायचो. हार दुकानातूनच घालून द्यायचा, हा काकांचा आग्रह. दुःखाच्या घरातल्या माणसांना हारासाठी बाजारात पाठवायचं नाही. दोन वर्षांत मी असे कितीतरी हार अडकवले. हात आपोआप चालायचे, डोक्याला काम नव्हतं.

अशाच एका माघ महिन्यात दिघाशी गावचे एक म्हातारबाबा मुलाबरोबर फोटोला आले. उंच, वाळलेले, डोक्याला टोपी. स्टुलावर बसताना त्यांनी स्टूल हलवून बघितलं. काकांनी हनुवटी वर केली आणि नेहमीचं विचारलं.

‘बांधावर नाय, मधीच हाय एक,’ आजोबा म्हणाले. ‘कोशिंब.’

काकांचा हात हनुवटीवर तसाच राहिला.

‘केवढा?’

‘केवढा म्हंजे? माज्या आज्यानं लावलेला न्हाय. त्याच्याबी आदीचा. चार मानसांनी हात धरलं तर पुरत न्हाईत.’

कोशिंबाला फाल्गुन-चैत्रात नवी पालवी येते ती लालभडक येते, सगळं झाडच्या झाड पेटल्यागत दिसतं. काकांनी आयुष्यभर काळ्या-पांढऱ्यात काम केलं होतं, पण अशा एका जुन्या कोशिंबासाठी म्हणून एक रंगीत रोळ आणून ठेवला होता. काकूंच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी तो कित्येक महिने पडून होता. इतका मोठा कोशिंब त्यांना कधी भेटलाच नव्हता.

‘सही कधी आहे?’ काकांनी विचारलं.

मुलगा म्हणाला, ‘पुढच्या शुक्रवारचा पुढचा.’

‘होळीपर्यंत नाही का थांबता येणार?’

इतक्या वर्षांत काका कुणाकडे काही मागताना मी तेवढंच ऐकलं. मुलगा हसला. ‘पार्टीला घाई आहे, काका. गोदामाचं काम पावसाच्या आत उरकायचंय.’ पासपोर्ट फोटोत आजोबांचे डोळे मिटलेले आले, दुसरा काढावा लागला.

रविवारी आम्ही दिघाशीला गेलो. काय सांगू! शेताच्या मधोमध तो उभा होता, आणि त्याच्याकडे जाताना माझी पावलं आपोआप हळू झाली. जुनी पानं अर्धीअधिक गळालेली, त्यामुळे त्याचा सगळा सांगाडा दिसत होता. एकेक फांदी एखाद्या झाडाच्या बुंध्याएवढी. काकांनी चपला दहा पावलांवर नाही, पार बांधावरच काढल्या. तासभर नाही, ऊन डोक्यावर येईपर्यंत बसले. मग काळ्या-पांढऱ्यात फोटो काढला. रंगीत रोळ त्यांनी आणलाच नव्हता. त्या दिवशी त्यांनी ‘येतो’ म्हटलं नाही. मान खाली घालून चालायला लागले. परत येताना वाटेत पावसाळ्यात भिजल्यासारखे कुडकुडायला लागले, आणि घरी येऊन अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले, मलेरिया.

तापातही त्यांनी तो फोटो धुतला. काकू शिव्या देत होत्या. पाकिटात घालायची कॉपी नाही, चांगला मोठा कागद घेतला आणि मला स्टुडिओतून वर बोलावून म्हणाले, ‘फ्रेम कर. रविवारी त्यांना नेऊन दे. सहीच्या आधी दे, नंतर त्यांना बघवणार नाही.’ तोवर कुणाला त्यांनी झाडाचा फोटो फ्रेम करून दिलेला नव्हता.

मी शनिवारी संध्याकाळी फ्रेम केली. काच पुसली, पुठ्ठा ठोकला, वर्तमानपत्रात गुंडाळली. रविवारी ती मांडीवर घेऊन एसटीनं निघालो. मोठी जबाबदारी दिलीय म्हणून मी जरा ऐटीतच होतो.

दिघाशीला आजोबांच्या पडवीत पार्टीचा माणूस चहा पीत बसला होता. पांढरे बूट, दोन खिशांत दोन मोबाइल. शेजारी मुलगा, खाटेवर आजोबा. ‘काकांनी पाठवलंय,’ म्हणून मी फ्रेम पुढे केली. सूनबाईंनी पदराला हात पुसून वर्तमानपत्र सोडलं, आणि ‘अगं बाई!’ म्हणून तोंडावर हात ठेवला.

फ्रेमला चंदनाचा हार होता.

मीच घातला होता. मोठी फ्रेम हातात आली, हात चालले, हार अडकवला. मला आठवतसुद्धा नव्हतं. काचेत तो कोशिंब सगळ्या फांद्या पसरून उभा, त्याच्या दोन्ही बाजूंनी तो पिवळट हार लोंबतोय, आणि पडवीच्या कठड्यावरून बघितलं तर समोर शेतात तोच कोशिंब, चांगला जिवंत.

‘ह्यो कुनी घातला?’ आजोबांनी विचारलं.

‘माझ्या हातून... आजोबा, सवयीनं झालं. चूक झाली. मोठ्या फ्रेमला आम्ही...’

आजोबा माझ्यावर ओरडले नाहीत. फ्रेम मांडीवर घेऊन हार काढायला लागले. दोरा खिळ्यात अडकला होता. निघेना. सूनबाईंनी खाली बसून तो सोडवला. आजोबांनी हार हातात धरला आणि मुलाकडे बघितलं.

‘जित्याच्या फोटूला हार घालत्यात व्हय रं? पन आपुन तर घातलाच हाय की. ह्या पोरानं निस्ता दावला.’

मुलगा म्हणाला, ‘बाबा, आता असं काय बोलता?’

आजोबा उठले. अनवाणीच शेतात निघाले. त्यांच्यामागे मुलगा, मुलामागे पार्टीचा माणूस बूट सांभाळत, शेवटी मी. कोशिंबाखाली जाऊन आजोबा थांबले आणि मुलाला म्हणाले, ‘सांग त्याला.’

‘काय सांगू?’

‘येत्या शुक्करवारी काय हाय, ते सांग. आपल्या तोंडानं सांग. त्याचा जीव घ्यायचा तर त्याला सांगून घिऊ.’

मुलगा चांगला धडधाकट, शिकलेला माणूस. त्यानं तोंड उघडलं. वर बघितलं. पुन्हा खाली बघितलं. त्याला एक शब्द फुटला नाही.

पार्टीचा माणूस हसला. ‘आजोबा, झाड आहे हो ते.’

‘मंग तुमी सांगा. तुमाला काय भ्या हाय?’

‘त्यात काय!’ म्हणून तो खरंच पुढे झाला. ‘हे बघ,’ म्हणाला आणि सवयीनं समोरच्याच्या तोंडाकडं बघावं तसं त्यानं वर बघितलं. वर बघतच राहिला. त्या फांद्यांमधून किती वर, किती आत, नजर पुरत नाही, मला ठाऊक होतं. वारा नव्हता, तरी एक वाळकं पान सुटलं आणि गिरक्या घेत खाली आलं. आम्ही चौघं ते खाली पडेपर्यंत बघत होतो. पार्टीच्या माणसानं खिशातून मोबाइल काढला, कानाला लावला आणि ‘हॅलो, हॅलो’ करत बांधाकडे निघून गेला. मोबाइल वाजला नव्हता.

मुलगा मग खाली बसला. पडलेलं पान उचलून म्हणाला, ‘बाबा, तेवढा तुकडा वगळू या.’

सौदा मोडायला आला होता म्हणे. पार्टीनं बरीच आदळआपट केली. मुलगा हटला नाही, मग पार्टी नमली. गोदाम झालं, मी ते नंतर पाहिलं. त्याची भिंत सरळ येते, कोशिंबापाशी आत वळते आणि पुन्हा सरळ जाते.

पण त्या रविवारी मला ह्यातलं पुढचं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते एवढंच, की मी काकांनी काढलेल्या फोटोला प्रेताचा हार घालून एका म्हाताऱ्या माणसाच्या दारात नेला. एसटीत मी मनाशी खोली सोडायची तयारी केली. घरी आलो, काका गोधडी पांघरून पडले होते, काकू उशाशी. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. काकू म्हणाल्या, ‘अरे देवा, मेल्या, काय केलंस हे!’

काका उठून बसले. ‘मग?’

आजोबांचं सांगितलं. मुलाचं सांगितलं. ‘तुकडा वगळू म्हणाला’ इथपर्यंत आलो, तेव्हा काकांनी हात वर करून मला थांबवलं.

‘पुन्हा सांग.’

पुन्हा सांगितलं. काका हसायला लागले. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं, काकूंनीही नसावं, त्या घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून बघायला लागल्या. हसता हसता ते रडायला लागले. गोधडीत तोंड घालून लहान मुलासारखे रडले.

‘ह्यांच्यातलं एक तरी राहावं गं,’ ते काकूंना म्हणाले. ‘एक तरी. मी कुणाला बोललो नाही. दर वेळी वाटायचं, हा फोटो बघून तरी... दर वेळी. कधीच नाही झालं.’ मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, ‘आणि हा गाढव हार घालून आला!’

चैत्र लागल्यावर आजोबांचा निरोप आला, ‘लाल झालाय. या.’ काकांनी फ्रिजमधून रंगीत रोळ काढला, कॅमेऱ्यात भरला. ताप जाऊन महिना झाला होता, तरी शर्ट अंगावर लोंबत होता. बांधावर चपला काढल्या आणि आम्ही समोर बघितलं.

मला ते सांगता येणार नाही. सगळा कोशिंब लाल होता. लाल म्हणजे फुलांसारखा नाही, आतून दिवा लावल्यासारखा. पानं इतकी कोवळी, की ऊन त्यांच्यातून आरपार खाली येत होतं आणि खालची ढेकळं, आजोबांची टोपी, काकांचा पांढरा शर्ट, सगळ्यावर ती लाली पडली होती. आजोबा बुंध्याला टेकून बसले होते. काकांनी पिशवी शेजारी ठेवली आणि मांडी घातली.

तास झाला. दुसरा झाला. ऊन चढत होतं. आता लवकरच ते डोक्यावर येणार आणि सगळी पानं भगभगीत दिसणार, एवढं मीही तोवर शिकलो होतो. मी पिशवीकडे बघितलं, काकांकडे बघितलं. ते वर बघत होते. तोंड थोडंसं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. इतक्या रविवारी त्यांच्याशेजारी बसलो होतो मी, पण ते हात असे कधी बघितले नव्हते.

शेवटी मी हळूच म्हटलं, ‘काका, उजेड चाललाय.’

‘जाऊ दे.’

‘अहो, फोटो?’

काकांनी मानही वळवली नाही. म्हणाले, ‘काढू की पुढच्या वर्षी. आता कसली घाई आहे?’